वेल्डला वारा लागता कामा नये

१

वेल्डिंगला बसण्याआधी धाकटा शेडला तापकरी पोरासारखं गुंडाळून घ्यायचा. मोठं दार ओढून आतून कडी. दाराखालच्या फटीत ओलं पोतं. खिडक्यांवर ताडपत्री. पंखा बंद. विमानाच्या सांगाड्याच्या नळ्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या. सांधा लालबुंद असताना झुळूक लागली तर धातू घाईने थंड होतो, घाईने थंड झाला की कडक होतो, आणि कडक धातू वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतो. जमिनीवर तुटला तर शिव्या घालता येतात. वर तुटला तर तेवढाही वेळ मिळत नाही.

हे त्याला कॉलेजने शिकवलं नव्हतं. कॉलेजने तिसऱ्या वर्षापर्यंत त्याच्याकडून वेल्डिंगच्या व्याख्या घोकून घेतल्या, आणि घोकून घेणाऱ्या सरांनी उभ्या जन्मात टॉर्च पेटवली नव्हती. "एकदा पेटवून दाखवा ना सर," असं तो भर वर्गात म्हणाला. त्यानंतर कॉलेज आणि तो, दोघांनीही एकमेकांचा नाद सोडला. शिकवलं ते दादाने, याच शेडमध्ये, धाकट्याला उलट्या बादलीवर बसवून, नाकावरून घसरणारा मोठ्यांचा काळा चष्मा लावून. "वेल्डला वारा लागता कामा नये," दादा म्हणायचा. "श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घे."

त्या दुपारी धाकट्याने सगळं नेहमीसारखं बंद केलं आणि टॉर्च पेटवली. ऑक्सिजन सोडण्याआधी नुसत्या गॅसची ज्योत पिवळी, आळशी असते आणि काजळीचे काळे धागे हवेत सोडते. बंद शेडमध्ये ते धागे जागच्या जागी तरंगतात, मग कुठेतरी केसांत येऊन बसतात.

आज ते निघाले. रांगेने, डावीकडे, भिंतीकडे. भिंतीवर दोन हुकांना दादाच्या विमानाचं शेपूट टांगलेलं होतं. धागे त्याच्यापासून हातभर अंतरावर गेले, थबकले आणि परत आले. मग पुन्हा गेले.

धाकट्याने टॉर्च विझवली. दार पाहिलं, फट पाहिली, ताडपत्रीचे कोपरे दाबून पाहिले. सगळं घट्ट होतं.

"पत्रा तापलाय," तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. "तापला की हवा फिरते." विज्ञान होतं ते. फक्त तापलेली हवा वर जाते, आडवी ये-जा करत नाही, हेही त्याच विज्ञानात होतं.

२

रात्रीच्या जेवणाला काका असले की वेल्डिंगचा विषय निघायचाच. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दवाखान्याच्या लोखंडी खाटा बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सुपरवायझर म्हणून जन्म घालवला होता, आणि नळी म्हटलं की जगातला शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची समजूत होती.

"सीओटू वेल्डिंग मार ना सरळ," काका म्हणाले. "भराभर. हे गॅसची ज्योत लावून तासन्‌तास कुरवाळत काय बसतोस? आम्ही दिवसाला शंभर खाटा काढायचो."

"खाट उडत नाही, काका."

"पेशंट उडतो की!" काका स्वतःच्याच विनोदावर एकटे हसले. आईने त्यांच्या ताटात न मागता वाढलं. त्यांना गप्प करायची तिची ती पद्धत होती.

"सीओटू जागा धरतं आणि सोडतं," धाकटा म्हणाला. "एवढ्याशा ठिकाणी भयंकर तापवायचं, बाजूला सगळं गार. विमानाच्या क्रोमोली पोलादाला ते सोसत नाही, सांध्याशेजारी ठिसूळ पट्टा तयार होतो. आर्गन वायूचं वेल्डिंग चालेल, पण त्याचं मशीन कुठाय आपल्याकडे? गॅसने हळू तापतं, हळू निवतं. दादाही गॅसनेच करायचा."

"आणि क्रोमोलीच का पाहिजे म्हणतो मी. साध्या स्टीलला काय झालं?"

"काही नाही झालं. साधं स्टील प्रामाणिक असतं. जाड लावा, भार घेतं, विमान जड होतं, एवढंच. खून होतो तो पातळ साधी नळी लावून तिला क्रोमोली म्हटल्यावर."

तो सहज बोलून गेला होता. बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला तो पाणी न पिताच.

बाबा जेवताना कमी बोलायचे आणि बोलले की तो निकाल असायचा. "सांगाडा कशाचाही कर," ते म्हणाले. "शेपूट त्याचंच लागेल. शेड माझी आहे. जमत नसेल तर उद्या रिकामी कर."

ही अट नवी नव्हती. धाकटा शाळेत असताना दादा पहिल्यांदा उडाला, आणि शेताच्या पलीकडच्या टोकाला विमानाचे दोन तुकडे झाले. पुढचा तुकडा दादासकट चेपला. शेपूट मात्र अलगद, जसंच्या तसं, गवतात उतरलं. बाबांनी ते आणलं, काकांनी त्याची पुढची टोकं करवतीने साफ करून झाळून बंद केली आणि ते भिंतीवर गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा एकच वाक्य सांगायचे: वेल्ड सुटला, पोराचा हात कच्चा होता. वर्षानुवर्षं तेच वाक्य, त्याच सुरात, त्याच सुस्काऱ्यासकट. मेलेल्या पोराची चूक सांगताना माणसाचा आवाज इतका स्थिर कसा राहतो, हे धाकट्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

"लावतो," तो म्हणाला. "पण आधी तपासून."

"त्याच्या हातची शेवटची वस्तू आहे. तिला काय तपासतोस?"

"तेच तर. शेवटची का झाली ते बघतो."

३

शेपूट त्याने खाली उतरवलं, लाकडी घोड्यांवर ठेवलं, आणि नव्या सांगाड्याला दोन-चार टाके मारून तात्पुरतं जोडलं. पक्कं वेल्डिंग नंतर. आधी गळती बघायची.

त्याची एक पद्धत असते. नळ्या सांधताना आतून एकमेकींना भोकं ठेवायची, म्हणजे सगळ्यांत एकच हवा खेळते. मग एका तोंडातून दाब भरायचा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की तिथे चीर. शहाणे लोक त्यासाठी सिलिंडरमधला कोरडा नायट्रोजन भरतात. दादाकडे सिलिंडर नव्हता. तो शेपटाच्या तोटीला रबरी नळी लावायचा, गाल फुगवून स्वतः फुंकायचा, नळी चिमटीत धरायचा आणि तोटीला स्क्रू पिळायचा. चूकच होती ती. तोंडच्या वाफेने नळी आतून गंजते. पण बादलीवर बसलेल्या पोराला ती जादू वाटायची. "आता याच्यात मी आहे," दादा म्हणायचा.

तो स्क्रू अजून जागेवर होता. धाकट्याने तो चटकन काढून तिथे दाबाचा गेज पिळला. इतक्या वर्षांत आत दाब कसला राहतोय, शून्य दाखवेल, मग आपण नायट्रोजन भरू, असा त्याचा हिशेब होता.

काटा शून्यावरून उचलला गेला. थोडासाच. वर गेला, थांबला, खाली आला. थांबला. वर गेला.

धाकटा बघत राहिला. पत्रा तापतोय, असं त्याने मनाला सांगितलं. पण सकाळ होती आणि पत्र्यावर हात ठेवला तर गार लागत होता. गेज खराब असेल म्हणून त्याने दुसरा लावला. दुसराही तेच करू लागला. आपला हात नळीवर आहे, आपलीच नाडी लागत असेल, असं वाटून तो दूर जाऊन उलट्या बादलीवर बसला. तिथून काटा स्पष्ट दिसत होता, आणि तो कुणाच्याही हाताशिवाय वर-खाली होत होता. झोपलेल्या माणसाच्या छातीच्या गतीने.

मग त्याच्या ध्यानात आलं की त्याचाही श्वास त्याच गतीने चाललाय.

त्याने श्वास रोखला. काटा अर्ध्यावर थांबला. त्याने सोडला, काटा उतरला. हसू आलं त्याला, घाबरट हसू. म्हणजे काहीतरी मीच करतोय, मग ठीक आहे. त्याने पुन्हा रोखला, पुन्हा थांबला.

तिसऱ्यांदा रोखला तेव्हा काटा थांबला नाही. तो वर गेला, जरा जास्तच वर, आणि शेपटाच्या पोटातून बारीक, लांब असा आवाज आला. बराच वेळ काहीतरी विचारायचं राहून गेलेला माणूस तोंड उघडण्याआधी छाती भरून घेतो, तसा.

४

आई शेडमध्ये पाऊल टाकत नसे. चहाचा कप ती उंबऱ्यावर ठेवायची आणि लोखंडी दारावर अंगठी वाजवायची. त्या दिवशी तिने अंगठी वाजवली नाही. धाकट्याने मान वळवली तर ती उभीच होती, शेपटाकडे बघत.

"खाली उतरवलंस," ती म्हणाली.

"आई, तुला ऐकू येतंय का काही?"

तिने पदराने कपाची कड पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. "त्यानं जेवताना विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा. बाबा, नळी कुठून आणलीत? हे म्हणाले, आणली ना? मग जोड. त्यानं तिसऱ्यांदा नाही विचारलं."

"का नाही विचारलं?"

"बाप होता तो त्याचा."

"आणि तू?"

आईने कप उंबऱ्यावर ठेवला. "मी वाढत होते," ती म्हणाली आणि गेली. धाकट्याला तिची दया यायला हवी होती. आली नाही. या घरात सगळेच काही ना काही वाढत होते आणि एक माणूस तोंडात प्रश्न घेऊन ताटावरून उठला होता.

चहाचा कप उचलायला तो वाकला. वाफ सरळ वर जायच्या ऐवजी आत वळत होती, शेपटाकडे.

५

नळी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ग्राइंडर लागतो. साध्या स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, दोऱ्यांसारख्या जातात. क्रोमोलीच्या ठिणग्या आखूड असतात, फुटतात, आणि प्रत्येकीच्या टोकाला भाल्याचं सुटं पातं असावं तसा नारिंगी ठिपका दिसतो. एका मिनिटाचं काम. दादाला येत होतं, त्यानेच तर शिकवलं होतं. पण बापाने आणून दिलेल्या नळीवर ग्राइंडर लावणं म्हणजे बापाच्या शब्दावर ग्राइंडर लावणं. चांगल्या घरातली चांगली मुलं तसं करत नाहीत. चांगली मुलं मरतात.

धाकटा चांगला नव्हता. त्याने बाबांना आणि काकांना बोलावून शेडमध्ये उभं केलं.

"ही मी मागवलेली नळी," म्हणत त्याने ग्राइंडर टेकवला. ठिणग्या फुटल्या, टोकाला पाती दिसली. "आणि हे शेपूट."

दोरे निघाले. लांब, सरळ, पिवळे, शेडच्या मध्यापर्यंत. एकही पातं नाही. ग्राइंडर थांबला तेव्हा गेजचा काटा टिक, टिक करताना ऐकू आला.

"तो कसला आवाज?" काका म्हणाले.

"ओळखू येऊ नयेत म्हणून रंग कुणी लावला होता या नळ्यांना, काका?"

"हे बघ, मला मध्ये घेऊ नकोस. दादा म्हणाला नळी लागतेय, मी फक्त कारखान्याचा गेटपास केला..." काकांनी जीभ चावली. मोठ्या भावाला तेही दादाच म्हणायचे.

"खाटांच्या नळ्या," धाकटा म्हणाला. "दवाखान्याच्या खाटांच्या. पेशंट उडतो, नाही का?"

काका दाराच्या दिशेने सरकले. बाबा जागचे हलले नाहीत. "वेल्ड सुटला होता," ते म्हणाले. तोच सूर.

"वेल्ड हा इथे आहे. बघा. एकेक टाका माशाच्या खवल्यासारखा बसलाय. सुटली ती नळी, वेल्डच्या शेजारी फाटून. म्हणून तर फाटलेली टोकं कापून घेतलीत. उड्डाणाची तारीख जाहीर करून बसला होतात ना? लोकं येणार होती. खरी नळी यायला उशीर होता आणि तुम्हाला शब्द खाली पडू द्यायचा नव्हता."

"हे शेपूट उडेल," बाबा म्हणाले. आता त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला होता. "तू उडव. एकदा उडालं की सगळ्यांना कळेल, नळीत काही नव्हतं. एकदाच उडव."

धाकट्याला त्या क्षणी सगळं दिसलं. ही माया नव्हती, आठवण नव्हती. हा माणूस दुसरं पोर वर पाठवून पहिल्याचा निकाल फिरवून घेणार होता.

"एक नळी खरी ठरवायला किती पोरं लागतात तुम्हाला, बाबा?"

त्याने करवत घेतली. टाके मारलेल्या जोडापाशी शेपटाच्या बाजूला पातं टेकवलं. बाबा पुढे आले, मनगट धरलं, म्हातारा हात असूनही ताकद होती त्यात. धाकट्याने झटका दिला आणि कापत राहिला. नळी पातळ होती. खाटेची.

पातं आरपार गेलं तेव्हा फुस्स व्हायला हवं होतं. कोंडलेली हवा बाहेर येते.

हवा आत गेली.

आधी काजळीचे धागे उठले, कोपऱ्याकोपऱ्यातून, फळ्यांवरून, आणि त्या बारीक फटीत शिरले. मग खिडकीवरची ताडपत्री आतल्या बाजूला फुगली. दाराखालचं पोतं घसटत उंबऱ्यावरून आत आलं. बाबांचे विरळ पांढरे केस कपाळावर पुढे झेपावले. काकांनी दार उघडलं की ते आपोआप उघडलं, कळलं नाही. ते पळाले एवढं खरं. आणि आत ओढून घेणं संपेना. माणसाच्या छातीत मावेल त्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ते शेपूट घेत होतं.

बाबांनी झडप घातली आणि कापलेल्या तोंडावर तळहात दाबला. आवाज बंद झाला.

"सोडा," धाकटा म्हणाला.

"सुटत नाहीये," बाबा म्हणाले, लहान मुलासारखं.

धाकट्याने त्यांचं मनगट धरून ओढलं. हात सुटला तेव्हा तळहाताच्या मधोमध गोल वळ होता, आणि तो ओला होता. रक्त नव्हतं. वाफ होती, कोमट. आरशावर फुंकर मारल्यावर धरते तशी.

नळीत विजेरीचा उजेड टाकून बघायची त्याला तीव्र इच्छा झाली. त्याने बघितलं नाही. दादाचा प्रश्न त्याच्यासाठी नव्हता.

६

शेपूट पुन्हा भिंतीवर गेलं, बाबांनीच टांगलं. शेड रिकामी कर, असं ते परत म्हणाले नाहीत. धाकट्याने नवं शेपूट बनवलं, प्रत्येक नळीवर आधी ग्राइंडर टेकवून; आईने आणून दिली असती तर त्या नळीवरही टेकवला असता. दार बंद, पोतं, ताडपत्री, गॅसची हळू ज्योत. काजळीचे धागे भिंतीकडे जायचे आणि परत यायचे. त्याने तिकडे पाठ करून सांधे पुरे केले. नमुन्याचे सांधे वाकवून, कापून, हातोड्याने चेपून पाहिले. नळ्या वाकल्या, फाटल्या नाहीत. नायट्रोजन भरला. कुणाचाही श्वास नाही, माझासुद्धा नाही, असं तो मोठ्याने म्हणाला. भिंतीला ऐकू जावं म्हणून.

गेज त्याने चालकाच्या समोर बसवला. दाब उतरला म्हणजे कुठेतरी चीर. काटा जागेवर होता. तो त्याने सकाळी पाहिला, दुपारी पाहिला, पत्रा तापला तेव्हा केसभर चढला आणि निवला तेव्हा तेवढाच उतरला. विज्ञानासारखा.

बाबा आता दुपारी शेडमध्ये जाऊन बसायला लागले होते. दार लावून. पंखा बंद करून. आई उंबऱ्यावर त्यांचा चहा ठेवायची, तो तसाच गार व्हायचा. काकांनी येणं सोडलं. "म्हाताऱ्याला समजव," असं त्यांनी फोनवर धाकट्याला सांगितलं. "तुमचाच भाऊ आहे," धाकटा म्हणाला. "गेटपास करा."

उडायच्या सकाळी त्याने कुणाला बोलावलं नव्हतं, कुणाला तारीख सांगितली नव्हती. विमान ढकलत शेतात नेलं, इंजिन सुरू केलं, आत बसून पट्टा आवळला. काटा स्थिर. त्याने श्वास रोखला. काटा स्थिर. सोडला. स्थिर. कुणी नव्हतं इथे. फक्त तो आणि खरी नळी.

मग त्याने शेडकडे पाहिलं.

मोठं दार सताड उघडं होतं. बाबा भिंतीपाशी उभे होते, शेपटाच्या तोटीला लावलेली जुनी रबरी नळी तोंडात धरून. धाकट्याला आधी वाटलं, ते फुंकताहेत. गाल फुगले होते त्यांचे, दादाचे फुगायचे तसे, गच्च. पण छाती आत बसलेली होती, रिकामी, पाठीला चिकटल्यासारखी. छाती न हलता गाल भरत होते, उतरत होते, पुन्हा भरत होते. दुसऱ्या टोकाकडून.

मग नळी त्यांच्या तोंडातून सुटली आणि ओठ हलायला लागले. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. गरजही नव्हती. त्या ओठांवर बाबांचं ते वर्षानुवर्षांचं वाक्य नव्हतं. आखूड वाक्य होतं ते, दादाच्या ताटावरच्या प्रश्नासारखं शेवटी वर जाणारं. एकदा विचारून झालं, दुसऱ्यांदा विचारून झालं, आणि बाबांचे डोळे धाकट्याकडे लागलेले, मला यातून सोडव म्हणणारे.

आता तिसऱ्यांदा.

धाकटा उतरू शकला असता. पट्टा एका खटक्यात सुटत होता.

"उत्तर द्या ना, बाबा," तो म्हणाला, आणि थ्रॉटल पुढे ढकलला.